ठिणगी न उडवणारे तांबे : भंगारवाल्यांनी ओळखून असावे

आम्ही शिरपूरचे कापडवाले. कापसाच्या मुलखात ठिणगीची धास्ती कोणास सांगावी लागत नाही. लोखंडावर लोखंड आपटून एक ठिणगी सुक्या रुईत पडली की लाखाचे बारा हजार झालेच समजा. म्हणूनच तेल, गॅस, दारूगोळा अशा ठिकाणी बेरिलियम तांब्याचे हातोडे-पाने वापरतात.

या ओतीव मिश्रधातूच्या नेहमीच्या जातीत बेरिलियम सुमारे २ टक्के, कोबाल्ट अर्धा टक्का, सिलिकॉन पाव टक्का, बाकी तांबे. ओतलेला माल ८०० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि पुन्हा ३५० अंशांच्या आत तीनेक तास शेकतात. मग तो पोलादाच्या तोडीचा कडक होतो. उष्णताही चांगली वाहतो, म्हणून प्लॅस्टिकचे साचे त्याचे करतात.

अखंड अवजार हाताळण्यात धोका नाही. धोका आहे तो वितळवतानाच्या धुरात व घासतानाच्या धुळीत. ती छातीत गेली तर फुप्फुसाचा कायमचा विकार जडतो, कधी कित्येक वर्षांनी; कर्करोगाचेही भय आहे. अमेरिकेने २०१७ साली कारखान्यातील हवेची मर्यादा घनमीटरला २ वरून ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली.

तेव्हा भट्टीवाल्या बंधूंनो, भंगारात सोनेरी झाकेचे, तांब्याहून फारच कडक अवजार किंवा साचा आला तर ग्राइंडर लावू नका, भट्टीत टाकू नका. वेगळा ठेवा, प्रयोगशाळेत तपासून घ्या, जाणत्या कारखान्यासच विका. भावही बरा मिळेल, छातीही सलामत राहील.