पाण्याचा हिशेब

बोस्टनच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर ग्लॉस्टर लागतं. 1623 पासून मासेमारीवर जगलेलं गाव. तिथल्या मासळीच्या दुकानात स्कॅलप घेताना जाणतं गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं, आधी विचारतं, ‘ड्राय की वेट?’ स्कॅलप म्हणजे शिंपल्याच्या दोन्ही झडपा मिटून धरणारा जाडजूड, गोल स्नायू. मोठ्यांना ‘यू-टेन’ म्हणतात, म्हणजे पौंडात दहापेक्षा कमी नग. वेट स्कॅलप फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. ते पाणी पिऊन फुगतात, पांढरेशुभ्र दिसतात आणि माशाच्या भावाने पाणी विकलं जातं. ड्राय स्कॅलप दिसायला मळकट, किंचित गुलाबी झाक असलेले, बोटाला चिकटणारे.

जिच्या स्वयंपाकघरात मी मासळीचा पॉट पाय, म्हणजे वर मैद्याची पारी घालून भट्टीत भाजलेला घट्ट रस्सा, होताना पाहिला, ती बाई बंदराजवळच्या खाणावळीत उभा जन्म राबलेली. वेट स्कॅलपना ती हात लावत नाही. तिचं म्हणणं सरळ होतं : ते पाणी शेवटी माझ्याच रश्शात उतरणार. मग दुपारभर तिने जे जे केलं, त्या सगळ्याच्या मुळाशी हीच काळजी दिसली. पाणी कुठे हवं, कुठे नको.

मासा हॅडॉक. खरं तर या किनाऱ्याचं दैवत कॉड. मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनात 1784 साली भेट आलेला, पाच फुटांना जेमतेम कमी असा लाकडी कॉड अजून टांगलेला आहे. पण समुद्रातला कॉड उपसून उपसून इतका आटला की 2013 साली मेनच्या आखातातला त्याचा कोटा 77 टक्क्यांनी कापला गेला. तेव्हा घरोघरच्या भांड्यात आता बहुधा हॅडॉकच. त्याच्या खांद्यावर काळा डाग असतो, त्याला तिकडे सैतानाचा अंगठा म्हणतात. तुकडीला कातडी ठेवून विकतात ती गिऱ्हाइकाला ओळख पटावी म्हणून. बाईंनी कातडी सोलली, बोटभर रुंदीचे तुकडे केले, मीठ चोळून चाळणीत ठेवले. पाव तासात खाली पाणी जमलं. ते फेकलं, तुकडे कागदाने टिपले.

कोळंबीची सालं मात्र फेकायची नाहीत. लोण्यावर ती लाल होईस्तोवर परतली, त्यात सेलरीचे देठ, तमालपत्र आणि पाणी. वीस मिनिटांत गाळून घेतलं. हॅडॉकचे काटे असतील तर तेही यातच, पण जास्त उकळलं तर कडवटपणा उतरतो.

डोळे लावून बघावं असं काम पिठाचं. 250 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, 170 ग्रॅम लोणी. लोण्याचे चौकोनी तुकडे फ्रीजरमधून नुकते काढलेले. आपल्याकडे शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागावं म्हणून. इथे सगळं उलटं. बाईंनी एकेक तुकडा मैद्यात घोळवून अंगठा नि तर्जनीत चेपला, त्याची चपटी पाकळी झाली की सोडून दिला. चोळणं नाही. वरून बर्फाचं पाणी, चमचा-चमचा करून, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच. कणीक तिंबण्यात वाढलेल्या माणसाला हा गोळा बघवत नाही : कडा फाटलेल्या, मध्येच कोरडं पीठ, लोण्याचे पिवळे पट्टे उघडे. माझे हात नुसते शिवशिवत होते. पण मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, आणि हाताच्या उबेने लोणी विरघळतं. गोळा लाटून तिहेरी घडी घातली, आडवा फिरवून पुन्हा लाटला, पुन्हा घडी, आणि फ्रीजमध्ये.

चिरोट्यालाही पदर सुटतात, पण तो साटा तूप नि तांदळाच्या पिठाचा, त्यात पाण्याचा थेंब नसतो. लोण्यात असतो. अमेरिकेत विकायच्या लोण्यात किमान 80 टक्के स्निग्धांश लागतो. उरलेल्यात बहुतेक पाणीच. भट्टीच्या तडाख्याने त्या पाण्याची वाफ होते, ती मैद्याचे पातळ पदर एकमेकांपासून उचलून धरते, तेवढ्यात पदर भाजून ताठ होतात. लोणी आधीच वितळलं तर ते मैद्यात मुरतं, मग पापुद्रे कसले, नुसती जाड बिस्किटाची लादी. एवढ्यासाठी सगळी थंडाई.

रश्शाला लोण्यावर मैदा परतून त्यात तो सालांचा अर्क आणि दूध. मासे आणि दूध! आयुर्वेदाने विरुद्ध आहार म्हणून सांगितलेली जोडी, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी तर पानात एकत्र येऊच दिली नसती. इथे मात्र याच जोडीवर पिढ्या पोसल्या आहेत. त्यात लीक, गाजर, उकडून वाफ जाऊ दिलेले बटाटे, थाइम. हळद-तिखटाचा पत्ता नाही. आगळाचा एखादा चमचा पडता तर, असं मला राहून राहून वाटलं. रस्सा सूपपेक्षा बराच घट्ट हवा. पातेल्याच्या तळाशी पळी ओढली की मागे वाट उघडी राहिली पाहिजे, कारण मासळी भट्टीत आणखी पाणी सोडणारच.

इथे घाई करणारे फसतात. रस्सा पुरता गार झाल्याशिवाय ना मासळी घालायची, ना झाकण. गरम रश्शावर पारी टाकली की खालून लोणी वितळायला लागतं. आणि हॅडॉक, स्कॅलप, कोळंबी सगळं कच्चंच जातं; आधी शिजवलं तर भट्टीत कोळंबीचं रबर होतं. खोलगट भांड्यात सारण, वर पारी, कडा चेपून बंद, अंड्याचा हात, सुरीने तीन-चार चिरा. चिरा शोभेच्या नाहीत, वाफेला वाट म्हणून. 200 अंशांवर पाऊण तासाच्या आत-बाहेर. वरचा रंग बघून काढायचं नाही. चिरेतून रस्सा बुडबुडताना दिसला, की मधोमध शिजलं.

काही हॉटेलांत पारी वेगळी भाजून वाढताना वर ठेवतात. दिसते झकास, पण मला ती फसवणूक वाटते. भांड्यावर भाजलेल्या पारीचं वरचं अंग चुरचुरतं आणि खालचं रश्शाची वाफ पिऊन मऊ झालेलं असतं. चमच्यात हे दोन्ही एकदम आले पाहिजेत. त्या दिवशी स्कॅलप दाताखाली गोड लागले, रस्सा ताटलीत पसरला नाही.

उरलेला पॉट पाय दुसऱ्या दिवशी भट्टीतच गरम करायचा. मायक्रोवेव्हमध्ये पदर लोळागोळा होतात. तरी ती बाई उरलेल्याच्या भानगडीत पडतच नाही. मोजून तेवढीच मासळी आणते.