तेल लावण्याआधीचे बोलणे

बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई तुम्ही पाहिलीच असेल. सकाळी ती येते. पदर खोचते. बांगड्या काढून कोनाड्यात ठेवते. तेलाची वाटी कोमट करते आणि कामाला लागते. पूर्वी हे काम बहुधा गावची सुईणच करी. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात. सुईणीचे काम सुटले, पण तेल लावणारीची गरज काही सुटली नाही. शहरात तर तिला मोठी मागणी आहे. म्हणून पुष्कळ बाया हे काम नव्याने शिकत आहेत.

हात शिकवायला जुन्या बाया आहेत. पण घरच्या माणसांशी बोलावे कसे, हे कोणी शिकवत नाही. आमच्या आळीतल्या एका सुनेचे काय झाले, ते सांगतो. नाव सांगत नाही. गाव लहान आहे.

तिला तिच्या आतेसासूने मालीश शिकवली. हात चांगला बसला. पहिलेच घर मिळाले ते मोठ्या बागाईतदाराचे. बाळंतिणीची सासू म्हणाली, "काय गं, सुनेचं पोट जाईल ना आत?"

ही म्हणाली, "सव्वा महिन्यात पहिल्यासारखं करून देते, काकू."

"बाळाचं डोकं जरा लांबट वाटतंय."

"गोल करून देते."

"आणि अंगावर लव फार आहे."

"ती पिठानं काढते."

काम हातचे जाऊ नये म्हणून बिचारी सगळ्याला हो म्हणत गेली. पैशांचे बोलणे झालेच नाही. "तुम्ही द्याल ते," असे म्हणून ती मोकळी झाली.

सव्वा महिना झाला. बाळाचे डोके गोल झाले. लव गेली. पोट मात्र आत गेले नाही. सासूबाईंनी मनाला येईल तेवढे पैसे हातावर ठेवले, आणि वर पाणवठ्यावर सांगितले, "बोलते फार. हातात काही नाही."

आता यातली गंमत पाहा. डोके हिने गोल केले नव्हते. जन्माच्या वेळी दाब पडून बाळाचे डोके लांबट होते, ते पुढे आपोआप नीट होते. लवही काही आठवड्यांत आपोआप झडते. पीठ घासले तर बाळाची नाजूक कातडी मात्र सोलवटते. आणि पोट? बाळंतपणानंतर गर्भाशय पहिल्या आकाराला यायला सुमारे 6 आठवडे लागतात. पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात. ते आवळायला महिने लागतात, आणि तेही चालण्याने व डॉक्टर सांगतील त्या व्यायामाने. तेलाने चरबी वितळत नाही. म्हणजे जे आपोआप होणार होते, त्याचे कौतुक हिला मिळाले नाही. जे मालिशीने होणारच नव्हते, त्याचा दोष मात्र पदरी आला.

आम्हाला तिचा राग येत नाही. आम्हीही हेच केले आहे. नवे मास्तर होतो, तेव्हा एका बापाला छातीठोकपणे सांगितले, "तुमचा मुलगा दहावीला पहिल्या वर्गात येणार." मुलगा गणितात नापास झाला. त्या गृहस्थाने मुलाला लवकरच माफ केले. आम्हाला मात्र दोन वर्षे नमस्कार केला नाही.

पुढचे घर मिळायला तिला चार महिने लागले. या वेळी ती तेल लावायच्या आदल्या दिवशी नुसती बोलायला गेली. सासू, सून आणि सुनेचा नवरा, तिघांना एकत्र बसवले. एकाला सांगावे आणि दुसऱ्याने ऐकले नाही म्हणावे, असे नको.

ती म्हणाली, "माझ्या हातानं वहिनींचं अंग मोकळं होईल. पाठ-कंबर भरून येते, तिला आराम पडेल. झोप बरी लागेल. बाळालाही शांत वाटेल. पोट आत नेणं, रंग उजळणं, नाक सरळ करणं, हे माझ्या हातात नाही. कोणी करून देते म्हणाली, तर तिला बोलवा."

सासूबाई जरा हिरमुसल्या. पण सून हसली आणि म्हणाली, "मावशी, मला कंबरेचंच बघा."

मग कामाचे बोलणे झाले. मालीश आणि अंघोळ करीन. पाणी तापवून न्हाणीत आणून ठेवणे घरच्यांकडे. बाळंतिणीची लुगडी धुणे माझ्याकडे नाही. तेल तुमचे. रोजचे दोनशे रुपये, दर आठवड्याला द्यायचे. मी आले नाही, तर त्या दिवसाचे कापा. मी आले आणि तुम्हीच नको म्हणालात, तर कापू नका. मला सर्दी-ताप असला, तर मी येणार नाही, कारण घरात तान्हे मूल आहे. शेवटच्या दिवशी साडीचोळी देण्याची आपली रीत आहे. तिच्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ती देणाऱ्याची खुशी. ती मजुरीत धरणारीही चुकते आणि तिच्या नावाखाली मजुरी बुडवणारा तर जास्तच चुकतो.

तिने एक वही केली. आता तुम्हालाही लिहिता येते, तेव्हा तुम्हीही करा. तिचे अक्षर वाकडेतिकडे आहे, पण वाचता येते. एका पानावर असे आहे:

"3 तारीख. वहिनीला पाठ, कंबर, पाय. जोर मध्यम. बाळाला खोबरेल.

4 तारीख. वहिनी म्हणाली खांदा दुखला. हळू केले.

5 तारीख. नाही गेले. सर्दी."

आठवड्याच्या शेवटी ती हे पान सासूबाईंपुढे ठेवी. हिशेबाला दोन मिनिटे लागत. भांडण एकदाही झाले नाही.

जोराविषयी थोडे जास्त सांगायला हवे. आपल्याकडे समजूत अशी की दुखल्याशिवाय मालीश लागू पडत नाही. म्हणून नवी बाई पहिल्याच दिवशी सारे बळ लावते. बाळंतिणीला विचारले, "बरं वाटतंय ना?" तर ती भिडेने "हो" म्हणते. सासू समोर असली, तर म्हणतेच म्हणते. त्या "हो"वर जाऊ नये. तिच्या पायाची बोटे पाहा. ती आखडली, श्वास अडला, कपाळाला आठी पडली, तर जोर जास्त झाला. आणि प्रश्नही वेगळा विचारावा. "बरं आहे ना?" असे न म्हणता "आणखी हळू करू, का असाच ठेवू?" असे विचारावे. मग भिडस्त माणसालाही खरे सांगता येते. पहिले तीन दिवस हात हलकाच ठेवावा. वाढवणे केव्हाही जमते. एकदा दुखावलेले अंग मात्र दुसऱ्या दिवशी हात लावू देत नाही.

कोणी तक्रार केली, तर "आजवर कोणी असं म्हणालं नाही," हे वाक्य तोंडातून काढू नये. नेमके कुठे आणि केव्हा दुखले, ते विचारावे. दुसऱ्या दिवशी तिथे बदल करावा आणि तो बोलून दाखवावा. आणखी एक. या घरात सासू-सुनेचे काय बिनसले, ते त्या घरी सांगू नये. ऐकणारी मजेने ऐकते, पण मनात म्हणते, "उद्या माझंही असंच सांगेल."

बाळाचे बाबतीत घरोघरच्या आज्यांची मते ठाम असतात. कानात तेल घाल, नाकात घाल, छाती पिळून दूध काढ, टाळू दाब, पाय धरून उलटे कर, धुरी दे. यातले काहीही करू नये. छाती पिळली, तर तिथे सूज येऊन पू होतो. कानानाकात तेल नको. धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो. नाळ गळेपर्यंत ती जागा कोरडी ठेवावी. पण हे आजीला कसे सांगायचे? वाद घालून आजी ऐकत नाही. आमच्या या बाईने युक्ती केली. बाळंतपणानंतर आशाताई घरी येते, बाळ 42 दिवसांचे होईपर्यंत तिच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. त्या फेरीच्या वेळी ही तिथेच थांबली आणि आजीदेखत आशाताईला सगळे विचारून घेतले. "नको" हा शब्द आशाताईने उच्चारला. मालीशवाली वाईट झाली नाही. पोट कापून बाळंतपण झालेल्या बाईचेही तसेच. टाके आहेत तोवर पोटाला हात लावायचा नाही, आणि पुढेही डॉक्टरांना विचारून लावायचा. हात, खांदे, पाठ आहेतच की.

आता तिसऱ्या घरची गोष्ट. बाळंतपणाला नऊ दिवस झाले होते. तेल लावण्याआधी ही दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहत असे. त्या दिवशी डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली दिसली. हाताला गरम लागली. सून म्हणाली, "कालपासून टेकवत नाही."

ही थांबली. म्हणाली, "काकू, या पायाला मी हात लावणार नाही. आधी दवाखान्यात दाखवा."

सासूबाई चिडल्या. "अगं, पाय दुखतो म्हणून तर तू पाहिजेस! पेटका आलाय. जोर लाव, मोकळा होईल. पैसे कशाचे घेतेस?"

"आजचे देऊ नका. पण मी चोळणार नाही. पहिल्या दिवशी बोलले होते, एकच पाय सुजला तर हात लावणार नाही म्हणून."

ते ती खरेच बोलली होती. सुनेच्या नवऱ्याला ते आठवत होते.

वाचकहो, हे नीट समजून घ्या. बाळंतपणानंतरचे 6 आठवडे बाईच्या रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. ही गुठळी बहुधा पायाच्या आतल्या शिरेत धरते. एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो, कधी लाल दिसतो. अशा वेळी पोटरी रगडली, तर गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकू शकते. मग दम लागतो, छातीत दुखते, आणि माणूस दगावूही शकते. म्हणून असा पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दम लागत असेल, तर 108 क्रमांकाला फोन करून गाडी बोलवायची. फार रक्तस्राव, थंडीताप, घाण वासाचा स्राव, यांतले काही दिसले, तरी तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी दवाखाना.

नवऱ्याने जीप आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. शिरेत गुठळी होती. रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने दिली, मग गोळ्या, आणि त्या पुढे काही महिने चालल्या. सून आठ दिवसांनी घरी आली.

डॉक्टरांना विचारून मालीश पुन्हा सुरू झाली. पाठ आणि खांदे तेवढे. डाव्या पायाला हात नाही, आणि उजव्यालाही नाही. सासूबाई दाराशी बसून राहात, काही बोलत नसत. शेवटच्या दिवशी त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून पान वाचले आणि मधल्या आठ दिवसांचे पैसे कापले. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "आई, ते दिवस आपल्यामुळे बुडाले. ही यायला तयार होती." सासूबाईंनी पुन्हा वही पाहिली. पहिल्या पानावर ठरलेले सगळे लिहिलेले होते. मग त्या आत गेल्या आणि डब्यातून उरलेले सोळाशे रुपये घेऊन आल्या.