सांधा न दिसणारा दगड

संगणकावर इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती करताना आधी आकार घडवतात, मग त्यावर पृष्ठभागाचे चित्र चढवतात. या चित्राला टेक्स्चर म्हणतात. ही पद्धत एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातील प्रबंधात मांडली. चित्राचा एकच चौकोन शेजारी शेजारी, वर-खाली कितीही वेळा लावला तरी जोड दिसत नसेल, तर ते बिनसांध्याचे टेक्स्चर होय.

त्याची गरज हिशेबातून कळते. सिंदखेडराजाच्या काळाकोटासारखी काळ्या दगडाची भिंत घ्यावी. ती ३० मीटर लांब व ५ मीटर उंच धरली आणि दर मिलिमीटरला एक पिक्सेल ठेवला, तर १५ कोटी पिक्सेल लागतात. त्याऐवजी पुन्हा पुन्हा लावायच्या दोन मीटरच्या चौकोनाला २०४८ बाय २०४८, म्हणजे सुमारे ४२ लाख पिक्सेल पुरतात.

पहिले काम छायाचित्राचे. कॅमेरा भिंतीच्या अगदी समोर, तिच्याशी काटकोनात असावा. फार रुंद कोनाच्या भिंगाने कडेच्या रेषा वाकतात. ऊन टाळावे, कारण दगडांच्या सावल्या चित्रात कायमच्या उमटतात आणि प्रतिकृतीतला प्रकाश दुसऱ्या बाजूने आला की त्या खोट्या दिसतात. ओला दगड अधिक काळा दिसतो. त्यामुळे पावसाळ्यातील उघडिपीचा, पण ढगाळ दिवस उत्तम. चित्राची एक बाजू उजळ व दुसरी मंद असेल, तर तो फरक आधी काढून टाकावा.

नंतर चित्र आडवे आणि उभे निम्म्याने सरकवतात. एका कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत येतो. मुळात एकमेकांना लागून असलेले पिक्सेल आता समोरासमोरच्या कडांवर येतात, म्हणून कडा आपोआप जुळतात. सारा बेमेळ मधोमध अधिकच्या चिन्हासारखा उमटतो. चित्राचा दुसरा भाग उतरवून डाग झाकणाऱ्या क्लोन किंवा हील साधनाने तो बुजवावा. कडांना हात लावू नये. गिंप या मोफत प्रणालीत यासाठी ऑफसेटची सोय आहे. क्रिटा या चित्र रंगवण्याच्या प्रणालीत चित्र चहूकडे पसरलेले पाहतच रंगवता येते.

बांधकामाचे चित्र मातीच्या चित्रापेक्षा अवघड असते. दगडांचे थर दोन्ही कडांना एकाच उंचीवर यावे लागतात. वरची आणि खालची कड थरांमधल्या दरजेवर कापली, तर अर्धवट चिरे उरत नाहीत. जोड लपवण्यासाठी एफ्रोस आणि फ्रीमन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चित्राचे दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढवून, फरक सर्वांत कमी असलेल्या वाकड्या वाटेने काप घेतला जातो.

सांधा गेला तरी पुनरावृत्ती उरते. एखादा पांढरा डाग दर दोन मीटरवर दिसला की फसवणूक उघडी पडते. म्हणून लक्ष वेधणाऱ्या खुणा पुसाव्यात आणि चौकोन अनेकदा मांडून दुरून पाहावा. मोठ्या भूभागावर ही अडचण वाढते. लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्या भूभागावर दोन मीटरचा मातीचा चौकोन एका ओळीत ९०० वेळा येईल. तेथे दोन-तीन टेक्स्चर मिसळावी लागतात, आणि दुरून दिसणाऱ्या भागासाठी उपग्रह चित्र वापरावे लागते.

रंगाच्या चित्रासोबत उंचसखलपणा आणि खडबडीतपणा दाखवणारे नकाशेही लागतात. ते सांधे बुजवलेल्या चित्रावरूनच करावेत. वेगळे केले असल्यास सर्व तितकेच सरकवावेत.

या तंत्राला मर्यादा आहे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरील शिल्पे एकमेकांसारखी नाहीत. तेथे चौकोन लावणे म्हणजे नसलेला दगड रचणे. खेळ, चित्रपट किंवा पडझड झालेल्या भागाची कल्पना देण्यासाठी बिनसांध्याचे टेक्स्चर योग्य. वास्तूची नोंद ठेवायची असेल, तर प्रत्येक भागाची छायाचित्रे घेऊन प्रतिकृती करावी, आणि भर घातलेला भाग कोणता ते स्पष्ट लिहावे.