मेकेत्रेच्या घरची माणसे

गेल्या दिवाळीआधी गावचे घर आवरताना आजोबांच्या मोडीतल्या हिशेबाच्या वह्या मी रद्दीवाल्याच्या हवाली केल्या. कोणती वही कोणत्या फडताळात होती, एवढेही टिपले नाही. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्याने मोडी रद्दीत घालावी! पुढे हर्बर्ट विन्लॉकचे मेकेत्रेच्या थडग्यातल्या वस्तूंवरचे पुस्तक हाती आले आणि मन चरकले.

मेकेत्रे हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मिसरी दरबारातला बडा अधिकारी. थीब्झच्या पश्चिमेकडील डोंगरातले त्याचे थडगे चोरांनी कधीच लुटले होते. पूर्वीच्या दोन संशोधकांनीही ते उकरून पाहिले होते. १९२० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वतीने विन्लॉक तेथे गेला, तो केवळ नीट आराखडा काढायला. नवे काही सापडेल ही आशा नव्हतीच.

मार्चमधल्या एका संध्याकाळी मजूर कचरा उपसत असता दगडाच्या कपच्या भिंतीच्या बुडाशी असलेल्या फटीत घरंगळू लागल्या. विन्लॉकने फटीतून विजेरीचा झोत टाकला, तो काय! चोरांच्या नजरेतून सुटलेली एक कोठडी, आणि तीत लाकडाची चिमुकली रंगीत माणसे आपापल्या कामात गढलेली! कोणी धान्य भरतो आहे, कोणी कणीक मळतो आहे, सुतार लाकूड कापतो आहे, बायका सूत कातताहेत. ओसरीवर बसून मेकेत्रे स्वतः गुरांची मोजदाद पाहतो आहे आणि शेजारी कारकून लिहिताहेत. परलोकातही घर चालावे म्हणून केलेली ही तरतूद.

आपण असतो तर आधी हात घातला असता! पण तेथे हॅरी बर्टनने (पुढे तुतांखामेनच्या थडग्याची छायाचित्रे काढणारा तोच हा) वस्तू जागच्या जागी टिपल्या, आराखडा झाला, मगच त्या हलल्या. पुढे वाटणी झाली. धान्याचे कोठार न्यूयॉर्कला गेले, गुरांची मोजदाद कैरोत राहिली. पण कागदावर मेकेत्रेचे घर अजून एकत्र नांदते आहे.

ती चित्रे थडग्यात वाहून आणणाऱ्या गड्यांच्या बोटांच्या खुणाही विन्लॉकला त्यांवर दिसल्या. आजोबांच्या वह्यांवरही कुणाकुणाची बोटे उमटली असतील. ती आता कोण दाखवणार?

यंदा माळ्यावरून आजीची पेटी खाली काढली. धाकटी फडके घेऊन सरसावली, तशी मी म्हटले, “थांब बाळ. आधी फोटो काढू, यादी करू. धूळ मग झटकू.”