रेडिएशननंतर दातांचे सौंदर्य

तोंडाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या माणसाने पुढचे दात नीट करून घ्यायचे म्हटले, की 'जीव वाचला, आता दिसण्याचे काय?' असे त्याला ऐकवले जाते. हा गैरसमज मला फार कठोर वाटतो. चारचौघांत मोकळेपणी बोलता-हसता येणे हा बरे होण्याचाच भाग आहे. उलट टोकाचा समजही घातक आहे: रेडिएशनचा शेक संपून पाच वर्षे झाली, आता दातांचे काहीही केले तरी चालते. सौंदर्योपचारांना बंदी नाही, पण आधी लाळ आणि हाड तपासावे लागते.

रेडिएशनमध्ये साधारण सहा आठवड्यांत 60 ते 66 ग्रे किरणमात्रा दिली जाते. तिच्या टप्प्यात आलेल्या लालाग्रंथी दुबळ्या होतात. लाळ तोंडातले आम्ल सौम्य करते, दातांना खनिजे परत देते. ती आटली की हिरडीलगत आणि दातांच्या टोकांवर, एरवी सहसा न किडणाऱ्या जागी, कीड झपाट्याने पसरते, अनेकदा न दुखता. त्यामुळे दात काळपट दिसला की तो मळला असे समजून ब्लीचिंग करणे चूक. तो किडलेला असू शकतो. लिंबू-मीठ, कोळशाची पूड यांनी तो आणखी झिजतो आणि मिश्री म्हणजे तर पुन्हा तंबाखूच. कॅप किंवा व्हेनियरने किडीचा प्रश्न झाकला जातो, सुटत नाही. त्यांच्या कडेने ती आत शिरते. आधी रोजचे जास्त ताकदीचे फ्लोराइड (सुमारे 5000 पीपीएम, साध्या पेस्टमध्ये 1000 ते 1450 असते), कीड थांबल्याची खात्री, मग दाताच्या रंगाचे फिलिंग, हा क्रम हवा.

हाडाचे नुकसान काळ भरून काढत नाही. विशेषतः खालच्या जबड्याचा घटलेला रक्तपुरवठा पूर्ववत होत नाही; दात उपटल्यावर जखम न भरता हाड मरू शकते, अगदी अनेक वर्षांनीही. म्हणून वाईट दात रेडिएशनच्या दोन-तीन आठवडे आधीच काढतात आणि नंतर शक्य तिथे रूट कॅनल करून मूळ राखतात. आयएमआरटीसारख्या नव्या तंत्राने लालाग्रंथी बऱ्याच वाचतात, हे खरे. पण गाठीलगतच्या जबड्याला पूर्ण मात्रा मिळतेच. उच्चदाब ऑक्सिजन घेतला की धोका टळतो, असेही सांगितले जाते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील होपॉन चाचणीत तो फायदा दिसला नाही. अशा हाडात बसवलेले इम्प्लांट अनेकांना टिकतात, मात्र निकामी होण्याचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे नेमक्या त्या जागच्या हाडाला किती ग्रे मिळाले, हे रेडिएशन विभागाकडून लेखी घेऊन दंतवैद्यांना दाखवल्याशिवाय इम्प्लांटला होकार देऊ नये.