हुमणी कुटू नका!

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून वर येतात. हे हुमणीचे आईबाप. पण मुळं खाणारी अळी होलोट्रिकिया सेराटाची की ल्यूकोफोलिस लेपिडोफोराची, हे नुसत्या रंगरूपावरून कळत नाही. पोटाच्या टोकाखालच्या केसांची मांडणी भिंगातून पाहावी लागते. त्यातूनही शंका राहिली तर डीएनए. आणि इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे किडा कुटायचा!"

नाही हो, किती वेळा सांगायचं? कुटूनही डीएनए मिळतो, भरपूर मिळतो. पण मग केस कशाचे पाहणार? उद्या कुणी नावाला हरकत घेतली तर त्याला काय, लगदा दाखवणार?

किड्याच्या कवचात कायटिन असतं. प्रोटिनेज-के हे विकर प्रथिनं पचवतं, कायटिनला हात लावत नाही. म्हणून अख्खा भुंगेरा त्याच्या द्रावणात बुडवून ५५ अंशांवर रात्रभर ठेवतात. सांध्यांतून, छिद्रांतून द्रावण आत शिरतं, मऊ मांस विरघळतं, डीएनए द्रावणात उतरतो. भुंगेरा अल्कोहोलमध्ये धुतला की पुन्हा टाचणीवर! गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली 'प्लॉस वन'मध्ये ५० वर्षांपर्यंतच्या वाळक्या भुंगेऱ्यांवर हे सिद्ध केलं. आतलं मांस जातं, हे खरं. पण नराच्या जननेंद्रियावरून जात ठरवणारे कीटकतज्ज्ञ ते एरवीही पोटॅशमध्ये विरघळवतातच. अळी मऊ, तिला जपावं लागतं: कुशीत बारीकसं छिद्र पाडायचं आणि वेळ कमी द्यायचा.

जुन्या किड्यात काही उरत नाही? थॉमसन यांच्या गटाने २००९ मध्ये संग्रहालयातल्या १८८ वर्षांपर्यंतच्या भुंगेऱ्यांवर हीच रीत वापरून डीएनए मिळवला. अंबरमधल्या डासातून डायनासोर? तो सिनेमा, अंबरमधल्या कीटकांच्या डीएनएचे १९९०च्या दशकातले दावे पुढे कुणालाच पडताळता आले नाहीत. डीएनए काढला की नाव आपोआप मिळतं? तुलनेला खात्रीने ओळखलेल्या नमुन्याच्या डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा, म्हणजे बारकोड, आधी असावा लागतो.

आणि फॉर्मॅलिन! त्यात रूप टिकतं, डीएनए खराब होतो. अळी आधी क्षणभर कढत पाण्यात टाका, नाहीतर काळी पडते. मग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ते बदला. अळीच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं.