दूध सोसत नाही, मग काय द्यावे?

चिखलदऱ्याला गेलात तर गवळ्यांच्या म्हशी आणि कढईत आटणारा खवा तुम्हांला दिसेल. अशा दुधाच्या गावीही एखाद्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचे दूध पिताच पोट फुगते, ढाळ होतात. शेजारीण म्हणते, "शेळीचं पाजून पाहा!" पण आधी नडते काय, ते पाहू.

दुधात लॅक्टोज ही साखर असते. लहान आतड्यातले लॅक्टेज हे विकर ती फोडते. हगवणीने आतड्याचे अस्तर दुखावले, की लॅक्टेज कमी पडते. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. अस्तर बहुधा काही आठवड्यांत भरून येते. तोवर दही पुष्कळदा सोसते, कारण विरजणाने थोडी साखर आधीच संपवलेली असते. शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतेच!

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. तेथे वैर दुधातील प्रथिनांशी. अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, कधी शौचातून रक्त जाते. मग दहीही चालत नाही. गाय, म्हैस, शेळी यांची प्रथिने फार सारखी, म्हणून जनावर बदलून भागत नाही. हे निदान डॉक्टरांचेच काम.

मग पर्याय कोणता? तांदळाची पेज पांढरी खरी, पण तिच्यात प्रथिने नाममात्र. वऱ्हाडात पिकणाऱ्या सोयाबीनचे दूध, चांगले उकळलेले, प्रथिनांत गाईच्या दुधाजवळ जाते. मात्र गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. घरच्या सोयादुधात जेमतेम त्याचा पाव हिस्सा. ही उणीव नाचणीची लापशी बरीच भरून काढते: १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. काही मुलांना सोयाबीनही सोसत नाही, म्हणून सुरुवात दोन चमच्यांनी करावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र आईच्या दुधाऐवजी यांतले काहीही देऊ नये.